सेवेला येणाऱ्याची मुलाखत वस्तीने घ्यावी

डिसेंबर उजाडला की कफ परेडच्या मच्छीमार नगरात परदेशी पाहुण्यांची ये-जा वाढते. त्यातले काही नुसते फिरायला आलेले असतात. बोटी बघतात, वाळत घातलेल्या बोंबलांपाशी थबकतात, निघून जातात. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी लिहिते आहे ते आमच्याकडे सेवा करायला म्हणून येणाऱ्यांबद्दल. विशी-बाविशीतली ही मुलं-मुली कुठल्या तरी संस्थेमार्फत दोन-तीन आठवड्यांसाठी येतात, आमच्या पोरांना इंग्रजी शिकवतात, एखादी भिंत रंगवतात, खेळ घेतात आणि निरोप घेतात. बहुतेक जण मनाने चांगले असतात. स्वतःची सुट्टी खर्चून, संस्थेला पैसे भरून आलेले असतात. आमच्या वस्तीला मात्र कुणी काही विचारलेलं नसतं.

कोण येणार, किती दिवस राहणार आणि काय करणार, हे वस्तीने ठरवलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीला माणूस ठेवताना मुलाखत घेतात. सेवेला येणाऱ्याचीही घ्यावी, आणि ती आम्ही घ्यावी.

मी कोळ्याची मुलगी. आईने आयुष्यभर ससून डॉकवरून पाटी उचलली आणि कुलाब्यातल्या इमारतींच्या जिन्यांवर म्हावरं विकलं. मी शिकले, बालवाडीत शिक्षिका झाले आणि आता संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवते. त्यामुळे हे पाहुणे येतात ते बहुतेक माझ्याच खोलीत. संस्थेची गाडी मुख्य रस्त्याला थांबते, टी-शर्ट घातलेली मुलं गल्लीत शिरतात, आणि पुढचे काही दिवस माझ्या वर्गाचं वेळापत्रक त्यांच्या हाती जातं.

त्या दिवसांत काय होतं ते सांगते. पहिल्या दिवशी नावांचा खेळ. दुसऱ्या दिवशी रंगांची इंग्रजी नावं. तिसऱ्या दिवशी तेच इंग्रजी बालगीत, जे आधीच्या गटाने शिकवलं होतं आणि त्याच्या आधीच्या गटानेही. मुलांना ते तोंडपाठ असतं, तरी ती नव्याने शिकल्यासारखी म्हणतात, कारण समोरच्या ताईचा चेहरा खुलतो हे त्यांना कळलेलं असतं. पाहुण्यांना खूश कसं ठेवायचं हे आमची सात-आठ वर्षांची पोरं शिकली आहेत. मला याचं फार वाईट वाटतं. पाचवीत जाऊनही भागाकार न येणारा मुलगा त्या तीन आठवड्यांत भागाकार शिकत नाही. आणि ताई गेल्यावर माझ्याकडची एक लहान मुलगी कित्येक दिवस दारात उभी राहून विचारायची, "ती कवा येल?" त्या मुलीचे वडील महिन्यातले बरेच दिवस समुद्रावर असतात. जवळ आलेलं माणूस निघून जाण्याची तिला वेगळी शिकवणी नको होती.

हा प्रकार आमच्यापुरता नाही. श्रीमंत देशातला तरुण गरीब देशातल्या खेड्यात जातो, शाळा बांधू लागतो, पाणी आणू लागतो, याचं मोठं मैदान आफ्रिका. अमेरिकेने 1961 साली पीस कोअर हे स्वयंसेवक दल सुरू केलं आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस पहिली तुकडी घानात उतरली. आपल्याकडेही 1961 ते 1976 या काळात हे स्वयंसेवक होते. पीस कोअरवर अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाची छाया होती, हे खरंच. पण त्याचे काही नियम मला आजच्या दोन आठवड्यांच्या सहलींपेक्षा फार शहाणे वाटतात. माणूस दोन वर्षांहून अधिक काळ राहणार. आधी काही महिने तिथली भाषा शिकणार. गावात, गावकऱ्यांसारख्या घरात राहणार आणि जगण्यापुरता भत्ता घेणार. अशा माणसाचा दिवस कसा जातो याचा विचार करा. सकाळी पाण्याचा डबा भरून आणायचा, कोळशावर चहा करायचा, बाजारात भाव करताना चुकीचा शब्द बोलून हसं करून घ्यायचं, पावसात रस्ता बंद झाला की आठवडाभर अडकून पडायचं. गावाला माणूस कळतो तो या दिवसांत, आणि माणसाला गावही तेव्हाच कळतं.

तरीही पहिल्याच वर्षी नायजेरियात मोठं वादळ उठलं. इबादानच्या विद्यापीठात प्रशिक्षणाला आलेल्या एका अमेरिकन तरुणीने मित्राला पोस्टकार्ड लिहिलं. शहरातली घाण, रस्त्यावरचं जगणं पाहून ती हादरली होती, तेच तिने लिहिलं. कार्ड टपालात पडण्याआधी हरवलं आणि विद्यार्थ्यांच्या हाती लागलं. त्यांनी त्याच्या प्रती काढल्या, निदर्शनं केली, आणि तिला देश सोडावा लागला. साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या विद्यार्थ्यांचा राग लगेच समजला. नायजेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आपल्या घराचं वर्णन आपल्या पाठीमागे कुणी कसं करतं, हे कळल्यावर माणूस पेटतोच.

आमच्या वस्तीने असं वर्णन भरपूर सोसलं आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहा दहशतवादी रबरी बोटीतून आमच्याच किनाऱ्याला उतरले. आमच्या लोकांनी त्यांना हटकलंही होतं. त्यानंतर जगभरचे कॅमेरे आले. होड्या, कचरा, उघडी गटारं, सुकत घातलेली मासळी, सगळं टिपलं गेलं. आजही गल्लीत शिरलेला परदेशी माणूस मोबाइल वर करतो तेव्हा म्हातारी माणसं पाठ फिरवून बसतात. आता तर पोस्टकार्ड हरवण्याचीही गरज नाही. पाहुण्यांनी लिहिलेलं आमची कॉलेजात जाणारी मुलं रात्री मोबाइलवर वाचतात. "या मुलांकडे काहीच नाही, तरी किती आनंदी आहेत" अशा अर्थाचं काहीतरी असतं. काहीच नाही? ज्या मुलाबद्दल ते लिहिलं जातं त्याच्या आजोबांना पाण्याच्या रंगावरून खाली रेती आहे की खडक हे सांगता येतं.

आता या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट सांगते. ती कोळणीच्या काळजाला भिडणारी आहे.

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला न्दुरू बीच नावाचं गाव आहे. तिथे ओमेना नावाची मासळी मिळते. आपल्या मांदेलीसारखी बोटभर, पण चंदेरी. अंधाऱ्या रात्री पाण्यावर दिवे लावून ती पकडतात. (आपल्याकडे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून केवढी भांडणं होतात आणि तिला बंदीही आहे, तिथे मात्र ही जुनी रीत.) सकाळी होड्या काठाला लागल्या की बायका मासळी घेतात, उन्हात पसरून सुकवतात आणि बाजारात नेतात. पुरुषांनी धरायचं, बायकांनी सुकवायचं, विकायचं. इथवर ऐकलं तर ससून डॉकचीच गोष्ट वाटते.

फरक पुढे आहे. आमच्यात मासळी काठाला लागली की ती बाईच्या ताब्यात जाते. भाव ती करते, पैसा ती सांभाळते, डिझेलला आणि खलाशाच्या पगाराला किती द्यायचे हे घरात तिला विचारून ठरतं. म्हणून कोळणीचा आवाज मोठा. व्हिक्टोरियाच्या काठाला होडी पुरुषाची आणि मासळीही पुरुषाच्या मर्जीची. सरोवरातली मासळी घटत गेली तसे होडीवाले अडवू लागले. नुसत्या पैशावर मासळी नाही, अंगाची मागणी. या प्रथेला तिकडे 'जाबोया' म्हणतात. घरात पोरं उपाशी, बाजाराला जायचं तर पाटीत मासळी हवी, आणि मासळी हवी तर हे. त्या काठावर एचआयव्हीचा फैलाव मोठा आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

2011 साली न्दुरू बीचच्या बायकांनी ठरवलं, होडीच आपली असली तर? गट बांधला आणि नाव ठेवलं तेही थेट, मासळीसाठी शरीर नाही, अशा अर्थाचं. त्या वेळी त्या भागात पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक होते. त्यांनी काय केलं ते बघा. मासेमारीवर व्याख्यान दिलं नाही, भिंतीवर जागृतीचं चित्र काढलं नाही. बायकांनी मागितलं होतं होडीसाठी भांडवल. या मुलांना अर्ज लिहिता येत होते, परदेशात कुठे पैसे मिळतील हे माहीत होतं. त्यांनी ते काम केलं. होड्या बांधल्या गेल्या, त्या बायकांच्या नावावर झाल्या, आणि बायकांनी पुरुषांना मजुरीवर होडीवर घेतलं. मग मासळी उतरली की होडीची मालकीण काठावर उभी असायची.

पुढे 2014 मध्ये सुरक्षेच्या कारणावरून पीस कोअरने केनियातलं काम थांबवलं आणि स्वयंसेवक परत गेले. बायकांचा गट चालूच राहिला. होड्या जुन्या झाल्या, मासळी कमी झाली, 2020 च्या पुरात गाव पाण्याखाली गेलं आणि बायकांना घरं सोडावी लागली. त्यांची लढाई संपलेली नाही, आणि काही होड्यांनी एका प्रथेचा निकाल लागत नाही, हे मलाही कळतं. पण होडीचा मालक कोण, हा प्रश्न ज्यांचा होता त्यांनीच तो विचारला. परदेशी मुलांनी त्यांच्या प्रश्नाला हात लावला, स्वतःचा प्रश्न आणून ठेवला नाही.

याच्या नेमकं उलट आफ्रिकेतच घडलं आहे. दक्षिण आफ्रिकेत एकाने मुलांच्या चक्रीला पाण्याचा पंप जोडला. मुलं गोल गोल खेळतील आणि टाकी भरेल. कल्पना इतकी गोड की 2006 मध्ये अमेरिकेतून कोट्यवधी डॉलरच्या घोषणा झाल्या आणि मोझांबिक, मलावी, झांबियाच्या खेड्यांत या चक्र्या बसल्या. मुलं दिवसभर खेळत नाहीत. पाणी मात्र पहाटेही लागतं. मग म्हाताऱ्या बायका ती जड चक्री ढकलू लागल्या. काही ठिकाणी चांगला चालणारा हापसा काढून चक्री बसवली होती. बायकांना आधी विचारलं असतं, तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

हापशावरून आठवलं, कारण त्याची गोष्ट आपल्या मातीतली आहे. दुष्काळी भागात विंधन विहिरी खोदल्या जाऊ लागल्या, पण ओतीव लोखंडाचे विलायती धर्तीचे पंप गावाच्या वापरापुढे महिन्या-दोन महिन्यांत मोडत. एका कुटुंबासाठी बनवलेला पंप अख्ख्या गावाने हापसला तर दुसरं काय होणार? जालना आणि सोलापूर भागात विहिरींचं काम करणाऱ्या मिशनरी संस्थांनी आणि इथल्या कारागिरांनी तो पुन्हा पुन्हा खोलून, वेल्डिंग करून दणकट केला. सोलापूरच्या त्या हापशावरून युनिसेफच्या पुढाकाराने 1970 च्या दशकात 'इंडिया मार्क-टू' तयार झाला आणि पुढे घाना, माली, युगांडासारख्या देशांत पोचला. पुढे आफ्रिकेत 'आफ्रिदेव' नावाचा हापसा निघाला तो याच विचाराने, की गावातल्या बाईला साध्या पान्याने तो उघडता यावा. जालना-सोलापूरच्या कामात परदेशी माणसं होती. पण ती मोडलेल्या पंपाजवळ वर्षानुवर्षं बसली होती, आणि मिस्त्रीचं ऐकत होती.

बसणं महत्त्वाचं. परळच्या केईएम रुग्णालयाचंच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या क्वेकर घरातली एलिझाबेथ लुंडी लग्न करून 1930 मध्ये भारतात आली आणि कमला निंबकर झाली. अपंग माणसाला हाताने काम करायला शिकवून उभं करायचं, ही विद्या तिने शिकून घेतली आणि 1950 मध्ये केईएममध्ये त्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा काढली. रुग्णांची सेवा ती एकटी आयुष्यभर करत राहिली असती तरी लोकांनी तिला देवी म्हटलं असतं. तिने इथल्या मुला-मुलींना ते शिकवलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी तेच केलं. 1960 च्या दशकात मराठीच्या अभ्यासासाठी आल्या, राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या आणि 1986 मध्ये कमला निंबकर यांच्याच नावाने मराठी माध्यमाची शाळा उभी केली. मुलांना वाचता का येत नाही, याचं उत्तर त्यांना मराठीतून सापडलं. माझ्या वर्गात तीन आठवड्यांसाठी आलेल्या मुलीला ते इंग्रजीतून कसं सापडणार?

माझ्यावर नेहमी एक आक्षेप येतो. सगळ्यांना आयुष्य वाहून टाकता येत नाही, म्हणून थोडी मदत करणाऱ्याला दार बंद करायचं का? नाही. आमच्याकडे एक जर्मन मुलगा वर्षभर होता. पहिले काही आठवडे त्याने काहीच शिकवलं नाही. जाळं शिवणाऱ्या तांडेलाशेजारी जाऊन बसायचा, गाठ बघायचा, मराठी शब्द वहीत उतरवायचा. मग एका संध्याकाळी बायकांच्या बचत गटात बसला असताना त्याने विचारलं की तुमचं कुठलं काम रखडतं. एक मावशी म्हणाली, "डॉकवर कितीला घेतली आणि कितीला विकली याचा हिशेब डोक्यात असतो. महिन्याअखेरी उरलं काय ते कळत नाही." त्याला कॉम्प्युटरवर हिशेब मांडता येत होता. त्याने वस्तीतल्या दहावीच्या दोन मुलींना ते शिकवलं, स्वतः आकडा भरला नाही. बर्फ, टेम्पो, डॉकवरचा भाव, विक्री, उरलेली मासळी, असे रकाने त्या मुलींनीच मावशीला विचारून पाडले. तो गेला, हिशेब अजून चालू आहे. त्याच हिशेबामुळे बायकांना कळलं की पापलेटपेक्षा बोंबील आणि मांदेलीवर त्यांचं घर जास्त चालतं.

थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यालाही आम्ही काम देऊ शकतो, फक्त ते आमच्या गरजेचं असावं. लहान मुलांच्या वर्गात मात्र थोड्या मुक्कामाच्या माणसाला पाठवू नये, यावर मी अडून बसणार आहे. मुलांसमोर उभं राहायला मला प्रशिक्षण घ्यावं लागलं. परदेशी पासपोर्ट असला म्हणून ते माफ होत नाही. आणि हे पाहुणे संस्थेला जी रक्कम भरतात, त्यातून वस्तीतल्याच एखाद्या पदवीधर मुलीला शिकवण्याचा रीतसर पगार मिळावा. आज ती मुलगी मॉलमध्ये दिवसभर उभी राहते आणि तिच्या गल्लीतल्या पोरांना दर महिन्याला नवी ताई मिळते.

आमच्या गरजा विचाराल तर यादी तयार आहे. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे नकाशे, किनाऱ्यावरच्या प्रकल्पांचे अहवाल, हरकती नोंदवायच्या मुदती, हे सगळं जाडजूड आणि बहुतेक इंग्रजीत असतं. नरिमन पॉइंट ते कफ परेड पुलाची चर्चा निघाली तेव्हा आमच्या मच्छीमारांनी विरोध केला, कारण होड्यांची वाट तिथूनच आहे. वरळीच्या कोळ्यांनी किनारी रस्त्याच्या पुलाखालचं अंतर वाढवून घेण्यासाठी काही वर्षं झुंज दिली. त्यांच्या बाजूने अभ्यासक आणि वकील उभे राहिले, आणि दोन खांबांमधलं 60 मीटरचं अंतर 120 मीटर झालं. कोळ्यांनी त्याहून जास्त मागितलं होतं. पण वारा फिरला की होडी किती सरकते, हे सांगणारा तांडेल आणि ते कागदावर मांडणारा शिकलेला माणूस एका टेबलाशी बसले तेव्हा हे झालं. नकाशे काढता येणारे, आकडे वाचता येणारे, कायद्याचं इंग्रजी सोपं करून सांगणारे, देशी असोत की परदेशी, आम्हाला हवे आहेत.

मी संस्थांना जाहीर विनंती करते. माणसं पाठवण्याआधी आमच्या मच्छीमार सोसायटीला आणि बायकांच्या गटाला पत्र द्या. येणाऱ्याला काय येतं, किती महिने राहणार, मराठी किंवा निदान हिंदी शिकणार का, परत जाताना काम कुणाच्या हाती देणार, फोटो कुणाला विचारून काढणार, हे आम्ही त्याला समोर बसवून विचारू. मुलाखत घेणाऱ्यांत निम्म्या तरी बायका असतील. नकार दिला तर तो मुकाट्याने घ्या. आफ्रिकेतल्या गावाला आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यालाही हा हक्क असावा. पाड्यांवर जाणारी आपली मराठी मुलं, पुण्या-मुंबईच्या कॉलेजांची शिबिरं, कंपन्यांचे सेवा-दिवस, यांनाही हेच प्रश्न विचारले जावेत. पाड्यावरच्या बाईला शहरातून आलेला मुलगा आणि जर्मनीहून आलेला मुलगा यांत फारसा फरक दिसत नाही.

दरवर्षी 1 जूनला मासेमारीची बंदी लागते ती 31 जुलैपर्यंत असते. होड्या वर ओढलेल्या असतात, तांडेल आणि खलाशी घरी असतात, बायकांनाही पहाटे डॉकला धावायचं नसतं. आमच्याशी बोलायला हाच काळ बरा. पत्र मे महिन्यात द्या. बैठक संध्याकाळी पाचनंतर ठेवू, मराठीत होईल, आणि भाषा न येणाऱ्यासाठी समजावून सांगायला वस्तीतल्याच कॉलेजात जाणाऱ्या मुली बसतील. त्यांच्या वेळेचे पैसे संस्थेने द्यायचे आहेत.